राखेने घासलेला तांब्या



एरवी या पानावर मी तुमच्याशी बोलतो ते गादीवाफे, ठिबक, करपा आणि लाल कोळी यांच्याबद्दल. या खेपेला संपादकांचा निरोप आला, की अंक नाताळच्या सुमारास निघतो आहे, तुम्ही स्वतः ख्रिस्ती आहात, तेव्हा खते-औषधे जरा बाजूला ठेवा आणि तुमच्यात देवाचा गौरव, देवाचे तेज असे जे म्हणतात ते घरादारात, बांधावर, अडीअडचणीत कसे दिसते ते लिहा. मी काही पाळक नाही. शेतकी कॉलेजात बी.एस्सी. केले, तीस वर्षे बांधावरून हिंडलो. देवळातल्या बाकावर मी मागे बसणारा माणूस. तरी मनात म्हटले, माती परीक्षणाला नमुना कसा घ्यायचा हे सांगणाऱ्याने आपल्या मनाचा नमुना द्यायला का लाजावे?

आमच्या घरी तांब्याची एक कळशी आणि एक तांब्या होता. आई दर शनिवारी संध्याकाळी चिंच आणि चुलीतली राख घेऊन ती दोन भांडी घासायची. रविवारच्या उपासनेला जायचे म्हणून शनिवारी सगळे घर आवरायचे, तशी ही भांडीही. आठवड्याभरात तांब्या काळवंडलेला असे, बुडाशी हिरवट डाग पडत. चिंच लावली, राखेने घासला, पाण्याने खळाळून धुतला, की कंदील त्याच्या पोटावर दिसू लागे. कंदील कोनाड्यात, आणि तांब्याच्या पोटात दुसरा कंदील. लहानपणी मला वाटे, उजेड तांब्यातच आहे. कंदील मालवला तेव्हा कळले, की तांब्याचा स्वतःचा उजेड काहीच नाही.

पुढे मोठेपणी नव्या करारात पौलाचे करिंथच्या मंडळीला लिहिलेले पत्र वाचताना हाच तांब्या मला पुन्हा भेटला. पौल म्हणतो, की आपण सारे आरशासारखे आहोत, प्रभूचे तेज आपल्यावर पडते आणि आपण ते परत फेकतो. त्या काळचे आरसे आपल्या न्हाव्याच्या दुकानातल्यासारखे काचेचे नव्हते. ते धातूचे, घासूनपुसून लखलखीत केलेले असत, आणि करिंथ शहर तर कांशाच्या कामासाठी नावाजलेले होते. म्हणजे पौलाचे हे पत्र ज्यांनी पहिल्यांदा ऐकले त्यांना आरसा म्हणताच घासणारा हात आठवला असणार. त्याच पत्रात थोडे पुढे तो आणखी एक दाखला देतो: आपण मातीची मडकी आहोत आणि ठेवा आत आहे. मडके किती टिकते हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको.

जुन्या करारातली एक गोष्ट याला जोडून सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. मोशे सीनाय डोंगरावर देवाशी बोलून खाली आला तेव्हा त्याचा चेहरा झळकत होता. लोक त्याच्याजवळ यायला भ्याले. पण मोशेला स्वतःला ते ठाऊकच नव्हते. मला या गोष्टीतले हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. ज्याच्या तोंडावर तेज आहे त्याला ते दिसत नाही, दुसऱ्याला दिसते. आपल्या तोंडावर तेज आले आहे असे ज्याला स्वतःलाच वाटू लागते, त्याच्यापासून मी दोन हात लांब राहतो. मग तो कुठल्याही धर्माचा असो.

आता दाखला द्यायचा तर दूरदेशीच्या संतांचा कशाला? आपल्याच महाराष्ट्रातला, आणि तोही शेतीचा, देतो.

पुण्याहून दौंडकडे रेल्वेने निघाले की केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे नाव तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब तीर्थे करीत, पुराण सांगत पायी हिंडे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण अशी एकामागून एक गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघे चालत राहिली. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले, 1881 मध्ये मनोरमा झाली, आणि 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. तेवीस-चोवीस वर्षांच्या वयात या बाईने किती चिता पाहिल्या, ते मोजा.

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. पुण्यात वादळ उठले, ती कथा तुम्हाला ठाऊक असेल. मी सांगणार आहे ते केडगावच्या शेताबद्दल, कारण रमाबाईंवर लिहिणारे विद्वान लोक त्या शेतावरून झपाझप पुढे जातात.

परदेशातून येणारी मदत कायमची नाही, हे ओळखून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. हेतू साधा होता. फळझाडे लावायची, त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचे. आमच्या खात्यातल्या माणसाने आज सल्ला दिला असता तरी हाच दिला असता. फळबाग म्हणजे चार-पाच वर्षे घालायचे आणि मग घ्यायचे. पण झाडे मोठी होण्याआधीच 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याच्या कडेला, दुष्काळी कामांवर, सापळे झालेल्या मुली आणि विधवा त्यांनी पाहिल्या. आपले आई-बाप असेच गेले हे त्या विसरल्या नव्हत्या. शेकडो जणींना घेऊन त्या परतल्या. इकडे पुण्यात प्लेग, आणि एवढी माणसे शहरात ठेवायला सरकारची परवानगी नाही. मग ठेवायची कुठे? ते केडगावचे शेत होते ना! झाडांखाली, मांडवात, तंबूत त्या मुली राहिल्या. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर आधी माणसे लावली गेली. याच जागेला पुढे 'मुक्ती' हे नाव मिळाले.

1900 साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार ताटे. शेतकरी बाईला मी विचारतो, सुगीच्या दिवसांत वीस गड्यांची भाकरी थापताना कंबर कशी होते? तिथे हे रोजचे होते. विहिरी खणल्या, भाजीपाला लावला, गाई पाळल्या, माग बसवले, तेलाचे घाणे फिरवले, छापखाना चालवला. हे सारे त्या मुलींनीच केले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. कालपर्यंत ज्यांना कुणी दारात उभे करीत नव्हते त्या मुली खिळे जुळवू लागल्या, धान्य मोजून घेऊ लागल्या, हिशेब लिहू लागल्या.

आणि त्यातच रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. बायबलाचे मराठी भाषांतर होते, पण ते साध्या शिकलेल्या बाईला जड जाते असे त्यांना वाटे. म्हणून हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी सारे बायबल सोप्या मराठीत उतरवायला घेतले. कानांनी ऐकू येईनासे झाले होते. 1921 साली मनोरमा गेली. जिच्या भरवशावर पुढचे सारे ठेवायचे ती एकुलती एक मुलगी. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते. 1924 मध्ये ते ग्रंथरूपाने बाहेर आले, मुक्तीच्याच छापखान्यातून.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, आणि काही धर्मबंधूंना ती आवडणार नाही. संकट आले की आपल्यातले काही लोक लगेच म्हणतात, 'देव तुम्हाला घासतो आहे, तावून सुलाखून काढतो आहे.' जिचा तरणा मुलगा कालच पुरला तिच्यापुढे असे बोललेले मी ऐकले आहे. मला ते मान्य नाही. दुष्काळ कुणाला पवित्र करीत नाही. दुष्काळात माणसे चोर होतात, कडू होतात, लेकरे टाकून जातात, गळफास घेतात. राखेत उजेड नसतो. तीच राख तव्याला फासली तर तवा काळाच राहतो. रमाबाईंच्या तोंडावर जे दिसले ते दुष्काळाचे नव्हते. दुष्काळ तर त्यांच्या बरोबरीने लाखोंनी पाहिला होता. त्या वळल्या कुणीकडे, यावर सारे होते. आरसा घासून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून टांगला तर त्यात काय दिसणार?

साताऱ्याच्या वाचकांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांबद्दल सांगायलाच हवे, कारण त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे साताऱ्याला काढली. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना सगळे ओळखतात. जखमी पाखराची त्यांची कविता कितीतरी पिढ्यांनी शाळेत पाठ केली. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले. मिशनमध्ये बावीस वर्षे राहिले आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले यावेत, न घेतलेलेही यावेत, ख्रिस्तावर प्रेम असले की पुरे, अशी त्यांची कल्पना होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. आजही आमच्या गावाकडच्या मंडळ्यांत पेटी-ढोलकीवर टिळकांची भजने म्हटली जातात. वारकऱ्याच्या कानाला ती परकी वाटणार नाहीत. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

पण मला टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. टिळक आकाशात उडणार, आणि घरात पीठ आहे का ते लक्ष्मीबाईंनी पाहायचे. नवरा न सांगता धर्म सोडून गेला, तेव्हा त्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन पंढरपुरात बहिणीच्या आधाराने राहिल्या. काही वर्षे अशीच गेली. मग त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळे सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कुणा पाद्र्याला विचारला नाही, स्वतःच मनाशी घोळवला. एकदा उत्तर सापडल्यावर मात्र कुणाच्याही हातचे खायला लागल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगात रोग्यांची सेवा केली, दुष्काळातली पोरकी पोरे घरी सांभाळली. त्यांच्या घरात पोटच्या मुलापेक्षा दुसऱ्यांचीच लेकरे अधिक असत.

त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक 1934 ते 1936 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. घरी असेल तर पुन्हा वाचा, नसेल तर गावच्या वाचनालयात मागा. त्यात भांडणे आहेत. नवऱ्याने पगार वाटेत कुणाला तरी देऊन टाकला आणि बाई संतापल्या, हे आहे. रुसणे आहे, घर सोडून जाणे आहे, आणि पोट धरून हसवणे तर पानोपानी आहे. आम्ही किती भक्तिमान होतो, असे त्या बाई एकदाही सांगत नाहीत. म्हणून तर मला मोशेचा चेहरा आठवतो. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते, त्याचा बहुतेक भाग त्यांनी टिळकांच्या मागे लिहून काढला.

सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना मिरजेचे मिशन हॉस्पिटल सांगायला नको. डॉ. विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे गृहस्थ 1889 साली आले, आधी सांगलीला दवाखाना चालवला, मग 1894 मध्ये मिरजेला रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदू काढून घेण्यासाठी लांबलांबून माणसे येत. क्षयरोग्यांसाठी वॉनलेसवाडी उभी राहिली, कुष्ठरोग्यांची वेगळी सोय झाली. 1928 साली सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला, 1933 मध्ये ते वारले. त्यांच्याविषयी लिहिलेले पुष्कळ आहे. मला मात्र दरवेळी त्यांच्या मागे उभी असलेली माणसे आठवतात. पट्ट्या बदलणारे, भांडी उकळणारे, रात्री कंदील घेऊन खाटांमधून फिरणाऱ्या परिचारिका. यांतली कितीतरी आपल्याच गावखेड्यांतली, नुकतीच अक्षरे शिकलेली मराठी ख्रिस्ती माणसे होती. त्यांना किताब मिळाले नाहीत. कुष्ठरोग्याचे पाय धुणाऱ्याचे नाव कोण लिहून ठेवतो?

माझी आईही त्याच जातकुळीतली. आमचे मूळ गाव नगर जिल्ह्यात. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जाई. मी तेव्हा दोन वर्षांचा, बांधावरच्या झोळीत. कामावर सुकडी मिळायची. शेजारच्या मुकादमाची सून आमच्या हातचे पाणी पीत नसे. ती बाळंतीण झाली तेव्हा घरात काही नव्हते, आणि आईने आपल्या वाटणीची सुकडी फडक्यात बांधून तिच्या दाराशी ठेवली. हात लावून दिली असती तर तिने घेतली नसती. हे मला आईने कधी सांगितले नाही. त्या बाईने सांगितले, आईच्या मातीच्या दिवशी, पंचवीस वर्षांनी.

एवढे मोठ्यांचे सांगितल्यावर स्वतःचे सांगायला जीभ अडते. पण नमुना द्यायचा म्हटले आहे.

2021 च्या जुलैत महाबळेश्वरला जो पाऊस झाला तो तुम्ही विसरला नसाल. 23 जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत 594 मिलिमीटर. माण-खटावच्या कित्येक गावांत साऱ्या वर्षात एवढा पडत नाही. डोंगर सुटले, रस्ते तुटले. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडींखाली माणसे गेली. आमच्याकडे कोयनेच्या खोऱ्यात भाताची खाचरेच्या खाचरे दगडगोट्यांनी भरली. नुकती लावणी झालेली. रोपे तर गेलीच, पण पिढ्यान्पिढ्या डोक्यावरून माती वाहून जी खाचरे बांधली होती तीही गेली. पीक गेले तर पुढल्या वर्षी येते, खाचर गेले तर काय करायचे?

आम्ही पंचनाम्याला निघालो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि मी. गाडी अर्ध्या वाटेवर सोडून पायी. वरून पाऊस, हातातली वही भिजलेली. एका घरी गेलो. नवरा-बायको, म्हातारी, दोन पोरे. तीन खाचरे होती, तिन्ही गाडली गेलेली. बाईने आम्हाला कोरा चहा दिला. दूध नाही म्हणून ती लाजली. मी बांधावर उभा राहून गट नंबर लिहून घेतला.

काही महिन्यांनी मदतीची यादी आली तेव्हा त्या माणसाचे नाव तीत नव्हते. मी कागद काढून पाहिले. गट नंबरातला शेवटचा आकडा मी चुकीचा उतरवला होता. तीनाचा आठ. तो आठ दुसऱ्याच कुणाच्या पडीक मुरमाचा निघाला, आणि नाव गळाले. दोष वहीचा नव्हता, पावसाचा नव्हता, कुठल्या कारकुनाचा नव्हता. अक्षर माझे होते.

आता खरे सांगतो. हे कळल्यावर मी लगेच गेलो नाही. अकरा दिवस गेलो नाही. पुरवणी यादीसाठी कागद मी दुसऱ्याच दिवशी पाठवला, आणि मनाची समजूत घातली, की काम तर केले, आता तोंड दाखवायची काय गरज? वर चूक कुणाची ते त्या माणसाला कळणारही नव्हते. यादीत नाव नसले की आपला शेतकरी सरकारला शिव्या देतो, आणि सरकार म्हणजे कुणीच नाही. मधल्या रविवारी उपासनेत मी मागच्या बाकावर बसलो होतो. पाळक ज्या उताऱ्यावर बोलले तो वेगळाच काहीतरी होता, आठवतही नाही. पण प्रभुभोजनाच्या वेळी माझ्याच्याने पुढे जाववेना. अर्पण वेदीवर घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले आहे. लहानपणी मी ते शंभरदा पाठ म्हटले होते. पाठ म्हणायला पायी चालावे लागत नाही.

सोमवारी गेलो. तो माणूस दगड वेचत होता. एक-एक दगड उचलून बांधाला लावत होता, आणि एका खाचराचा कोपरा त्याने मोकळाही केला होता. मी सांगितले, की तुमचे नाव माझ्यामुळे गळाले, आकडा मी चुकवला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, डोंगरानं गाडलं ते समजलं. तुमी कागदावर पण गाडलं."

मला वाटले होते, कबूल केले की मन हलके होते. तसे काही झाले नाही. त्याने क्षमा केली असेही नाही, निदान त्या दिवशी नाही. बायको आत गेली ती बाहेर आली नाही. चहाही झाला नाही, आणि तो का व्हावा? मी छत्री ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि त्याच्या बरोबर दगड वेचू लागलो. तो नको म्हणाला नाही, या म्हणाला नाही. पन्नाशीच्या माणसाच्या कमरेला तासाभरात काय होते ते झाले. दुपारी म्हातारीने दोघांना नाचणीची भाकरी आणि ठेचा आणून दिला. माझ्या ताटलीत भाकरी अर्धी होती, त्याच्याही ताटलीत अर्धीच.

पुरवणी यादीतले पैसे होळीच्या सुमाराला आले. तोवर मी तिकडे पाच-सहा वेळा जाऊन आलो. कधी दगड, कधी नुसते बसणे. दोन खाचरे पुढच्या पावसाळ्याला लावणीजोगी झाली. तिसरे अजून तसेच आहे, त्यात त्याने वरी टाकली. त्याने मला एकदाच विचारले, "तुमी येशूचं हाय ना, साहेब? म्हणून आलता का सांगायला?" मी हो म्हणायला तोंड उघडले आणि अकरा दिवस आठवले. म्हटले, "त्यानं पाठवलं. पण मी उशिरा आलो." तो हसला. त्याच्या घरात विठोबाची तसबीर आहे, गळ्यात माळ आहे. आणि माझ्याशी बोलायचे सोडून न देण्यात त्याने माझ्यापेक्षा अधिक काही केले, हे मला तेव्हाही कळत होते.

दरवर्षी डिसेंबरात इकडे स्ट्रॉबेरीची तोडणी चालू होते. पहाटेच्या थंडीत बोटे वाकत नाहीत, तरी बायका ओळीत बसून एक-एक फळ देठासकट खुडतात, कारण ऊन चढले की फळ मऊ पडते. नाताळात महाबळेश्वरला पर्यटकांची गर्दी होते, फळाला भाव मिळतो. आमची मंडळी नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरते, आणि थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या पोरांना कुणी ना कुणी मूठभर स्ट्रॉबेरी देतेच. कंदिलाची जागा आता विजेच्या दिव्यांनी घेतली आहे. आईची कळशी भावाकडे आहे, तांब्या माझ्याकडे. तो मी चिंचेनेच घासतो, राख मात्र शेजाऱ्यांच्या चुलीतून मागून आणावी लागते, कारण आमच्या घरी गॅस आहे.

पंचनाम्याला जातो तेव्हा मी आता गट नंबर लिहून झाला की मोठ्याने वाचून दाखवतो, आणि मालकाकडून तो पुन्हा म्हणवून घेतो. माझ्याबरोबरची तरुण पोरे हसतात. त्या खोऱ्यातला तो माणूस तर मला वरच्या वाटेने जाताना पाहिले, की बांधावरचे काम थांबवून आपला गट नंबर ओरडून सांगतो, आणि शेवटचा तीन दोनदा म्हणतो.